फुकटात दिसते म्हणून कायद्यात बसते का?

पुणे-सातारा रस्त्यावरून चेलाडी फाट्याला आत वळले, नसरापूर आणि मार्गासनी मागे टाकले, की भोर-वेल्हे भागातील विंझर हे गाव लागते. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा. मोबाईलची रेंज डोंगराच्या मर्जीवर आणि वीज पावसाच्या मर्जीवर. अशा या गावात आपल्या वस्तीतील काही तरुणांनी मला मागच्या महिन्यात मुद्दाम बोलावून घेतले. कारण होते एक काळी पेटी. तळहाताएवढी.

घरटी वर्गणी काढून साडेचार हजार रुपयांना ही पेटी शहरातून आणली होती. विकणाऱ्याने सांगितले होते, "एकदाच पैसे भरा, आयुष्यभर सगळे सिनेमे, सगळ्या मॅचेस, सगळ्या वाहिन्या फुकट." पेटी टीव्हीला जोडली, मोबाईलचा हॉटस्पॉट दिला आणि खरोखरच सगळे दिसू लागले. कालपरवा थेटरात लागलेला सिनेमासुद्धा! पोरांचे बेत लगेच वाढले. एक बेत असा, की 14 एप्रिलला विहारासमोर पांढरा कपडा बांधून साऱ्या गावाला सिनेमा दाखवायचा. दुसरा बेत त्यातल्याच एका हुशार पोराचा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या या पोराने हिशेबच मांडला होता. या पेटीतून वायर काढून दहा घरांना जोडणी द्यायची, घरटी महिना शंभर रुपये घ्यायचे. भरतीच्या क्लासची फी सुटेल.

त्याची आई चहा घेऊन आली आणि दाराशीच थबकली. म्हणाली, "वकीलसाहेब, याच्यावर केस तर नाही ना होणार? नाहीतर भरतीचं काय?"

त्या माउलीने जो प्रश्न विचारला, तो पेटी विकणाऱ्याला कोणीच विचारत नाही. म्हणून हा लेखप्रपंच. हा प्रश्न एकट्या विंझरचा नाही. आज महाराष्ट्रातील हजारो वस्त्यांत स्वस्त टीव्ही आला, स्वस्त डेटा आला आणि त्यापाठोपाठ "सगळे फुकट" म्हणणारे विक्रेतेही आले. आपला समाज कष्टाच्या पैशातून वस्तू घेतो. ती घेताना कायदा माहीत नसेल तर पैसाही जातो आणि पोरगाही अडकतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली. सिनेमा, गाणे, पुस्तक, मालिका यांची प्रत काढण्याचा, ती लोकांपर्यंत पोहोचविण्याचा, भाड्याने देण्याचा अधिकार हक्कधारकाचा असतो. त्याच्या परवानगीवाचून हे केले, तर कलम 51 प्रमाणे हक्कभंग होतो. जाणूनबुजून केले किंवा करणाऱ्याला मदत केली, तर कलम 63 प्रमाणे तो गुन्हा ठरतो. शिक्षा 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कलम 63-अ प्रमाणे किमान शिक्षा 1 वर्ष आणि किमान दंड 1 लाख. कलम 64 नुसार पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरील दर्जाचा अधिकारी चोरट्या प्रती जप्त करू शकतो. आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'निट प्रो' प्रकरणात स्पष्ट केले, की कलम 63 चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. जामीन हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो.

मग प्रश्न येतो, की घरात बसून नुसते पाहणारा गुन्हेगार आहे काय? याचे उत्तर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात मिळाले आहे. 2016 च्या जुलै महिन्यात 'ढिशूम' हा हिंदी सिनेमा आला. त्याच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर येऊ नयेत म्हणून इरॉस कंपनी न्यायालयात गेली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला आणि नेमक्या पत्त्यांपुरताच मनाई हुकूम दिला. त्यानंतर इंटरनेट कंपन्यांनी बंद केलेल्या पानांवर एक इशारा झळकवला. त्यात, चोरटी प्रत पाहणे हासुद्धा गुन्हा असून 3 वर्षे कैद आणि 3 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, अशा अर्थाचा मजकूर होता. देशभर घबराट पसरली. वास्तविक कलम 63 मधील दंडाची कमाल मर्यादा 2 लाख आहे. पुढे ऑगस्ट 2016 मध्ये न्यायमूर्ती पटेल यांनी हा मजकूर बदलण्यास सांगितले आणि खुलासा केला, की नुसते पाहणे हा या कायद्याखालचा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो परवानगीवाचून वाटप करण्यात, जाहीर प्रदर्शन करण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात.

हा खुलासा आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण याचे दोन्ही बाजूंनी चुकीचे अर्थ काढले जातात. एक अर्थ भीतीचा. कोणी तोतया फोन करून सांगतो, की तुम्ही फुकट सिनेमा पाहिला, वीस हजार भरा, नाहीतर अटक होईल. अशा धमकीला घाबरून एक पैसाही देऊ नका. दुसरा अर्थ बेफिकिरीचा. "पाहणे गुन्हा नाही ना, मग सगळे माफ!" तेही खरे नाही. नुसते पाहणे वेगळे आणि प्रत उतरवून ठेवणे वेगळे. उतरवून पुढे पाठविणे तर त्याहून वेगळे. अशा पेट्यांतील कित्येक ॲप टोरंट पद्धतीने चालतात. या पद्धतीत तुम्ही सिनेमा पाहत असताना त्याचे तुकडे तुमच्याच जोडणीवरून इतरांना पाठविले जातात. तुम्ही खाटेवर बसून पाहताय, पण कायद्याच्या नजरेत वाटपही करताय. जो पाहणारा होता तो नकळत वाटणारा झाला.

आता त्या भरतीच्या पोराचा बेत पाहा. दहा घरांना वायर देऊन शंभर रुपये घेणे म्हणजे नुसते पाहणे नव्हे. तो धंदा झाला. कलम 63 मध्ये एक सवलत आहे, की हक्कभंग धंद्याच्या ओघात नफ्यासाठी केलेला नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. शंभर रुपये घेतले, की ही सवलतही हातची गेली. मी त्याला 2016 सालचाच सर्वोच्च न्यायालयाचा 'अवतार सिंग' निकाल सांगितला. नोकरीच्या पडताळणी अर्जात गुन्ह्याची किंवा खटल्याची माहिती खरी द्यावी लागते. लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते आणि सांगितली तरी नेमणूक द्यावीच असे मालकावर बंधन नाही. महिना हजार रुपयांसाठी खाकी वर्दी पणाला लावायची काय? ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी सरकारी नोकरीत गेले नाही, त्या पोराला हा जुगार परवडणारा नाही. बड्या घरचा पोरगा सापडला तर बाप वकिलांची फौज उभी करील. आपला पोरगा सापडला तर आई जामिनासाठी डोरले मोडेल.

विहारासमोर सिनेमा दाखविण्याचा बेत भावनेने चांगला होता, पण तोही तपासावा लागतो. घरात पाहणे आणि गावाला दाखविणे यात कायदा फरक करतो. कलम 52 मध्ये हौशी मंडळांसाठी एक सूट आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता साहित्य, नाटक किंवा संगीत यांचा प्रयोग करता येतो. म्हणजे गावच्या कलापथकाने जयंतीला विनामूल्य भीमगीते गायिली, एखादे नाटक बसविले, तर त्याला हे संरक्षण आहे. पण या सुटीत सिनेमाचा समावेश नाही. पैसे देऊन घेतलेले ओटीटीचे खातेसुद्धा घरगुती वापरासाठी असते. ते जाहीर पडद्यावर लावणे कराराचा भंग आहे. सिनेमा दाखवायचाच असेल, तर निर्मात्याला रीतसर पत्र लिहावे. हे अवघड वाटते तितके अवघड नाही. विशेषतः माहितीपट करणारे अनेक जण समाजासाठी दाखवायचे म्हटले तर परवानगी आनंदाने देतात. मागितलेच नाही, तर ते देणार कसे?

येथे कोणी विचारील, "वकीलसाहेब, गरिबाने काय करायचे? त्याने पाहूच नये काय?" हा प्रश्न रास्त आहे. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा सिनेमा 2000 साली प्रदर्शित झाला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे जनतेच्या पैशातून तो तयार झाला. पण तो आमच्या वस्तीत थेटरातून आला नाही. नकललेल्या सीडीवरून आला आणि आम्ही तो भाड्याच्या प्लेअरवर पाहिला. मी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होतो. आपण काही चोरीचे पाहतो आहोत हे मनातही आले नाही. त्या रात्री जे पाहिले त्याने मला वकिली करण्याचे बळ दिले, हे मी नाकारत नाही. परंतु त्याचा निष्कर्ष चोरी बरोबर होती असा नाही. निष्कर्ष असा, की जनतेच्या पैशातून झालेली कलाकृती जनतेपर्यंत पोहोचविणे ही शासनाची जबाबदारी होती आणि ती मागणी आपण संघटितपणे करायला हवी होती. चोरटी सीडी ही त्या मागणीची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक बाजू आहे. ज्यांच्या वस्तू चोरल्या जातात ते नेहमी मुंबईचे धनदांडगेच असतात असे नाही. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी आला. त्याचीही चोरटी प्रत इंटरनेटवर फिरली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. त्याआधी कॅसेटच्या काळात आपल्या गायकांच्या आणि कवींच्या भीमगीतांचे काय झाले ते जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. कॅसेट गावोगाव वाजली. लिहिणारा मात्र शेवटपर्यंत हलाखीत राहिला. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला मोठा हक्क दिला. सिनेमातील गाणे थेटरात वाजले तर ते वेगळे, पण त्याबाहेर ते रेडिओ, टीव्ही, इंटरनेट अशा कोठेही वापरले तर मानधनाचा समान वाटा त्याला मिळालाच पाहिजे आणि हा वाटा त्याच्याकडून कोणी कायमचा लिहून घेऊ शकत नाही. गायक-वादकांनाही व्यापारी वापराच्या मानधनाचा हक्क मिळाला. हा कायदा आपल्या शाहिरांच्या बाजूने आहे. पण मानधन येते ते अधिकृत ठिकाणी गाणे ऐकले तर. चोरट्या पेटीतून ऐकले तर शाहिराला छदामही मिळत नाही. सगळे पैसे पेटीवाल्याला. पंचशीलातील दुसरे शील आपण रोज म्हणतो. जे दिलेले नाही ते न घेणे, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि तो पडद्यालाही लागू आहे.

पेटीत आणखी एक धोका दडलेला असतो. कायद्याचे राहू द्या, पण ती पेटी तुमच्या घरात बसून काय करते? सप्टेंबर 2024 मध्ये डॉक्टर वेब या सुरक्षा कंपनीने उघड केले, की 'व्हॉइड' नावाचा विषाणू 197 देशांतील सुमारे 13 लाख अँड्रॉइड टीव्ही पेट्यांत शिरला होता. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स 2.0' विषयी जाहीर इशारा दिला. स्वस्त, अनोळखी नावाच्या कित्येक पेट्यांत हा विषाणू कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच घातलेला असतो, काहींत फुकट सिनेमाची ॲप टाकताना येतो आणि मग घराच्या इंटरनेट जोडणीचा वापर गुन्हेगार करतात. गुन्हा कोणी भलताच करणार आणि पोलिसांना पत्ता सापडणार तुमच्या घराचा! विंझरमध्ये तर पेटी आणि आईच्या बँक खात्याचा मोबाईल एकाच हॉटस्पॉटवर होते.

मग घ्यायचे काय? दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, इंटरनेट. साध्या प्रतीचे चित्र तासाला एक जीबीपर्यंत आणि एचडी चित्र तासाला तीन जीबीपर्यंत डेटा खाते. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असलेल्या घरात एचडी सिनेमा अर्धाही होत नाही. जेथे फायबर नाही आणि रेंज डळमळीत आहे, तेथे कोणतीही पेटी शोभेचीच. अशा घराला दूरदर्शनची डीडी फ्री डिश सर्वांत बरी. छत्री आणि सेट टॉप बॉक्सचा एकदाच खर्च, नंतर महिन्याचे शुल्क नाही, डेटा नाही आणि पूर्णपणे कायदेशीर. डीडी सह्याद्री आहे आणि विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक वाहिन्याही आहेत. जुन्या टीव्हीलाही ती चालते.

दुसरी गोष्ट, टीव्ही. त्याला एचडीएमआयचे भोक आहे का ते पाहा. असेल तर नामांकित कंपनीची स्टिक पुरते. टीव्ही मुळातच स्मार्ट असेल तर वेगळे काही घेण्याचे कारणच नाही.

तिसरी गोष्ट, शिक्का. सेट टॉप बॉक्सवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो. अँड्रॉइड पेटी असेल तर तिच्या प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ती गूगलने प्रमाणित केलेली आहे की नाही ते दिसते. अप्रमाणित पेटीवर पैसे भरलेली ओटीटी ॲपसुद्धा अनेकदा धड चालत नाहीत किंवा धूसर दिसतात. आणि पावती मागा. पावती न देणाऱ्याकडून वस्तू घेऊ नका. पावती असेल तर ग्राहक आयोगात दाद मागणे सोपे जाते.

चौथी गोष्ट, विक्रेत्याचे तोंड. "आयुष्यभर सगळे फुकट" हे शब्द ऐकले, की उठून चालू लागा. ज्या वाहिनीचे पैसे अख्खे जग भरते, ती तुम्हालाच फुकट का?

फुकट आणि कायदेशीर असेही पुष्कळ आहे, ते मात्र आपण पाहत नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वेव्हज' हे ॲप सुरू केले. निर्मात्यांनी स्वतःच यूट्यूबवर ठेवलेले सिनेमे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचे कामकाज 27 सप्टेंबर 2022 पासून थेट दिसते. फेब्रुवारी 2024 मध्ये अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची सुनावणी सात न्यायमूर्तींपुढे झाली. आपल्या भवितव्यावरचा तो युक्तिवाद घरबसल्या, एक पैसा न देता पाहता येत होता. किती जणांनी पाहिला?

बाबासाहेबांच्या ग्रंथांचेच घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 चे. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा कॉपीराइट 31 डिसेंबर 2016 रोजी संपला. 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या पश्चात 1957 साली निघाला, म्हणून त्याचा हक्क 2017 अखेर संपला. हे मूळ ग्रंथ आता कोणीही छापू शकतो, वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो, टीव्हीवर दाखवू शकतो. अनुवादकाचा हक्क तेवढा वेगळा, तो तपासावा. विंझरच्या पोरांना मी म्हटले, "गावाला काही दाखवायचेच असेल तर एकेक प्रकरण मराठीत तुमच्या शब्दांत सांगा आणि मोबाईलवर त्याची फिल्म करा. त्याचा कॉपीराइट तुमचा असेल!"

शेवटी एक आपल्या घरचे. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला. 'बहिष्कृत भारत' 1927 ला निघाला आणि पैशाअभावी 1929 साली बंद पडला. बाबासाहेबांसारखा संपादक असताना बंद पडला, हे ध्यानात घ्या. आज आपल्या दैनिकांची पाने सकाळी सहाला मोबाईलवर गटागटांत फुकट फिरतात आणि तेच वाचक संध्याकाळी विचारतात, "आपला पेपर मोठा का होत नाही?" फुकटाची सवय पेटीपासून सुरू होते आणि आपल्याच चळवळीच्या मुळावर येते.

विंझरच्या पोरांनी ती पेटी बंद करून ठेवली आहे. वर्गणी परत मिळावी म्हणून विक्रेत्याला देण्याची नोटीस मी लिहून दिली. विहाराच्या खोलीत छत्री बसवायचे ठरले आणि एका माहितीपटाच्या निर्मात्याला पत्र गेले. वायर मात्र कोणाच्याही घरात गेली नाही. निघताना ती माउली म्हणाली, "मग साहेब, भरतीचा फॉर्म भरू द्या ना त्याला?"

भरू द्या. आणि त्या अर्जातील गुन्ह्याच्या रकान्यात त्याला खरेपणाने 'नाही' लिहिता यावे, एवढी खबरदारी आपण प्रत्येक वस्तीत घेऊ या.